चाचणी कोणाच्या हाती?

आपल्याला कोणते काम मानवेल हा प्रश्न पडायला आधी काम निवडण्याची मुभा असावी लागते. सुताराच्या मुलाने सुतारकामच करायचे आणि चांभाराच्या मुलाने चामडेच कमवायचे अशी घडी जिथे पिढ्यान्‌पिढ्या बसलेली होती, तिथे हा प्रश्न कोणी विचारत नव्हते आणि विचारला असता तरी त्याच्या उत्तराचा कोणाला उपयोग झाला नसता. माणसाची आवड आणि कुवत तपासून त्याला साजेसे काम सुचवणाऱ्या चाचण्यांचा इतिहास म्हणूनच फार जुना नाही. तो सव्वाशे वर्षांच्या आत बसतो. आज दहावीच्या मुलापासून चाळिशीत नोकरीला विटलेल्या अधिकाऱ्यापर्यंत अनेकजण अशी चाचणी देतात आणि हाती आलेल्या कागदाकडे कौल लागल्यासारखे पाहतात. दुसरीकडे, हा सगळा प्रकार थोतांड आहे असे म्हणणारेही कमी नाहीत. दोघांचाही वाद चाचणी खरी की खोटी याभोवती फिरतो. या चाचण्या कशा जन्मल्या आणि कोणाकोणाच्या हातांतून गेल्या हे पाहिले, की मला वादाचा खरा मुद्दा वेगळा दिसतो. काम निवडणाऱ्या माणसाच्या हाती चाचणी राहिली तेव्हा तिने त्याला समाधानाचे काम शोधायला मदत केली. माणसे निवडणाऱ्यांच्या हाती ती गेली, तेव्हा तिचे रूपांतर वर्गवारीच्या यंत्रात झाले. चाचणी कितीही सुधारली तरी हा फरक मिटला नाही, आणि आपल्याकडे ती आली तेव्हा तो जास्तच महत्त्वाचा ठरला.

सुरुवात अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात झाली. शहराच्या नॉर्थ एंड भागात इटालियन आणि ज्यू स्थलांतरितांची दाट वस्ती होती. तिथल्या सिव्हिक सर्व्हिस हाऊस या संस्थेत कामकरी तरुणांसाठी संध्याकाळचे वर्ग चालत आणि फ्रँक पार्सन्स हा वकील व प्राध्यापक तिथे शिकवी. पार्सन्सचे स्वतःचे आयुष्य धंदे बदलण्यात गेले होते. तो इंजिनिअर झाला, रेल्वेत लागला. १८७३ च्या मंदीत ती रेल्वे कंपनी बुडाली तेव्हा त्याने पोलादाच्या गिरणीत अंगमेहनत केली. पुढे तो शाळामास्तर झाला, वकील झाला, कायद्याचा अध्यापक झाला. १८९५ साली बॉस्टनच्या महापौरपदाची निवडणूक त्याने लढवली आणि तो हरला. नगरपालिकांनी वीज, पाणी, ट्राम स्वतःच्या मालकीची करावी यासाठी तो हयातभर लिहीत राहिला. जानेवारी १९०८ मध्ये त्याने याच संस्थेच्या आश्रयाने ‘व्होकेशन ब्युरो’ उघडला. पहिल्या काही महिन्यांत १५ ते ७२ वर्षांची सुमारे ८० स्त्रीपुरुष मंडळी सल्ल्यासाठी तिथे येऊन गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पार्सन्स वारला आणि ‘चूजिंग अ व्होकेशन’ हे त्याचे पुस्तक १९०९ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर निघाले. पुढे सगळ्या जगाने उचललेली त्रिसूत्री त्यात आहे: स्वतःला नीट ओळखणे, निरनिराळ्या कामांत काय लागते आणि काय मिळते याची माहिती घेणे, आणि या दोहोंचा मेळ विचारपूर्वक घालणे.

या त्रिसूत्रीतला पहिला भाग तेवढा लोकांच्या लक्षात राहिला, पण पार्सन्सची कामाची पद्धत तिन्ही भागांवर उभी होती. आलेल्या माणसाला तो शंभरावर प्रश्नांची यादी देई आणि घरी बसून, स्वतःला आणि जवळच्यांना विचारून, उत्तरे लिहून आणायला सांगे. मग समोरासमोर बोलणे होई. हव्या त्या धंद्यात पुढे गेलेल्यांची चरित्रे वाचायला, त्या कामाच्या जागा पाहून यायला तो सांगे. पुस्तकात एका १९ वर्षांच्या मुलाची हकीकत आहे. त्याला डॉक्टर व्हायचे होते. मुलगा अशक्त, अबोल, तासाभराच्या भेटीत एकदाही न हसलेला. पार्सन्सने त्याला तू डॉक्टर होऊ शकत नाहीस असे सांगितले नाही. रोग्याजवळ बसणाऱ्या माणसात काय काय असावे लागते हे त्याने एकेका प्रश्नातून त्याच्याकडूनच वदवून घेतले आणि यातले तुझ्याजवळ काय आहे असे विचारले. ही पद्धत कठोर वाटते आणि काही ठिकाणी ती चुकीचीही होती. माणसाच्या डोक्याच्या ठेवणीवरून स्वभाव ताडण्याची त्या काळची खोटी समजूत पार्सन्सच्या टिपणांतही डोकावते. पण शेवटचा निर्णय सल्लागाराने घ्यायचा नाही, हे पथ्य त्याने कसोशीने पाळले. प्रश्नावली ही त्याच्या लेखी संभाषणाची तयारी होती.

पार्सन्सनंतर पाचच वर्षांत चाचणीची दिशा बदलली. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांचे उद्योगातील मानसशास्त्रावरचे पुस्तक १९१३ मध्ये इंग्रजीत आले. पार्सन्सचा हेतू त्यांना मान्य होता, पण माणूस स्वतःविषयी जे सांगतो त्यावर भिस्त ठेवता येत नाही, प्रयोगशाळेतले मोजमाप हवे, असे त्यांचे म्हणणे होते. हा आक्षेप रास्त होता. त्यांनी ट्रामचालकांसाठी एक चाचणी बसवली. रस्त्यावर एकाच वेळी हलणाऱ्या माणसांचा, घोड्यांचा, गाड्यांचा अंदाज चालकाला किती लवकर येतो हे ती मोजत असे. टेलिफोन कंपनीसाठी त्यांनी शिकाऊ ऑपरेटर मुलींच्या स्मरणाच्या, अवधानाच्या चाचण्या घेतल्या. या मुलींमध्ये कंपनीने काही अनुभवी, तरबेज ऑपरेटर म्युन्स्टरबर्ग यांना न सांगता मिसळल्या होत्या आणि चाचणीत त्याच वर आल्या. मोजमापाची ही चोख परीक्षा होती. पण प्रश्न कोणाचा होता ते पाहा. पार्सन्सकडे येणारा माणूस विचारत होता, मी काय करू? म्युन्स्टरबर्गकडे कंपनी विचारत होती, मी कोणाला घेऊ? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की ज्यांना घेतले नाही त्यांचे पुढे काय, हे कोणालाच पाहावे लागत नाही. १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा हीच दिशा पक्की झाली. रॉबर्ट यर्क्स यांच्या नेतृत्वाखाली लिहितावाचता येणाऱ्यांसाठी ‘आर्मी अल्फा’ आणि न येणाऱ्यांसाठी ‘आर्मी बीटा’ अशा सामूहिक चाचण्या तयार झाल्या आणि १७ लाखांहून अधिक सैनिकांनी त्या दिल्या. एका खोलीत शेकडो माणसे बसवून तासाभरात सगळ्यांची प्रतवारी लावता येते, हे युद्धाने दाखवून दिले. युद्ध संपल्यावर कारखान्यांनी ते तंत्र हौसेने उचलले.

प्रवाह एकाच दिशेने वाहिला असे मात्र झाले नाही. १९२२ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्ट लिन कारखान्यात जॉन्सन ओ’कॉनर यांनी कामगारांना योग्य जागी नेमण्यासाठी चाचण्या सुरू केल्या. बोटांची चपळाई, अवकाशाची जाण, आकड्यांवरची पकड अशा गोष्टी हाताने करायच्या कामांतून त्यात मोजल्या जात. काम कंपनीचे होते. पण आपल्याविषयी काही नवे कळते हे पाहून कामगार आपल्या मुलामुलींचीही चाचणी घ्या असा आग्रह धरू लागले. त्यातून ओ’कॉनर यांची प्रयोगशाळा सर्वांसाठी खुली झाली. या प्रसंगाला मी महत्त्व देतो. निवडीसाठी बनवलेले साधन ज्यांच्यावर चालवले जात होते त्यांनीच ते मागून घेतले, आणि वापर बदलताच त्याच मोजमापाचा अर्थ बदलला. चपळ बोटे कंपनीच्या दृष्टीने एका विशिष्ट यंत्रासाठी उपयोगी होती. मुलाच्या बापाला मात्र त्यातून घड्याळदुरुस्तीपासून शस्त्रक्रियेपर्यंत दहा वाटा दिसू शकत होत्या.

समाधानाच्या प्रश्नाशी सर्वांत थेट भिडलेले काम मात्र आवडीच्या चाचण्यांचे आहे, आणि तिथे एडवर्ड के. स्ट्राँग यांचे नाव टाळता येत नाही. कार्नेगी इन्स्टिट्यूटमधून १९२३ मध्ये ते स्टॅनफर्डला आले आणि १९२७ मध्ये त्यांनी आपली प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात ४२० बाबी होत्या: धंद्यांची नावे, शाळेतले विषय, करमणुकी, माणसांचे प्रकार. प्रत्येकासमोर आवडते, नावडते किंवा काही वाटत नाही एवढेच नोंदवायचे. स्ट्राँग यांची युक्ती उत्तरे तपासण्यात होती. अमुक गोष्ट आवडली म्हणजे अमुक धंदा, असे त्यांनी अंदाजाने ठरवले नाही. वकिली करत असलेल्या माणसांनी, इंजिनिअरांनी, डॉक्टरांनी तीच प्रश्नावली कशी भरली आणि त्यांची उत्तरे इतरांपेक्षा कुठे वेगळी पडतात हे त्यांनी मोजले. मग नव्या माणसाची उत्तरे कोणत्या धंद्यातल्या लोकांशी जुळतात ते पाहिले. खगोलशास्त्राची आवड आणि घोडेस्वारीची नावड यांचा विमा एजंटच्या कामाशी संबंध आहे की नाही, यावर तर्क करायची गरज उरली नाही. पुढे १९५५ मध्ये त्यांनी महाविद्यालय सोडून अठरा वर्षे झालेल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आवडी बऱ्याच टिकून राहतात आणि माणूस पुढे कोणत्या धंद्यात सापडेल याचा अंदाज त्यावरून बराचसा बांधता येतो, असे त्यात दिसले. मानसशास्त्रातल्या फार थोड्या चाचण्यांचा इतका दीर्घ पाठपुरावा झालेला आहे.

पण याच युक्तीत एक खोट होती, आणि ती आपल्याकडच्या वाचकाला पटकन उमगावी. आज त्या कामात जे लोक आहेत त्यांच्याशी तुलना करायची, तर आज त्या कामात जे नाहीत त्यांचे काय? पुरुषांच्या उत्तरांवर बेतलेली प्रश्नावली स्त्रियांना लागू पडत नाही म्हणून स्ट्राँग यांनी १९३३ मध्ये स्त्रियांसाठी वेगळी प्रश्नावली केली. तिच्यात गृहिणी, टंकलेखिका-सचिव, प्राथमिक शिक्षिका अशा कामांची मापे होती. पुढे पुरुषांसाठी निळा आणि स्त्रियांसाठी गुलाबी कागद अशी विभागणी कित्येक वर्षे चालली. एखाद्या मुलीची आवड पुरुषांच्या एखाद्या धंद्याशी कितीही जुळती असली तरी अशा कित्येक धंद्यांचे माप गुलाबी कागदावर मिळण्याची सोय नव्हती. स्त्रीमुक्तीच्या चळवळीने आवाज उठवल्यावर १९७४ मध्ये डेव्हिड कॅम्पबेल यांनी दोन्ही प्रश्नावल्या एक केल्या. कोणीही दुष्टाव्याने हे केले नव्हते. समाजाने आधीच घातलेली कुंपणे आकड्यांत उतरली आणि त्यांना शास्त्राचा मान मिळाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि प्रत्यक्षात होऊ न शकलेल्या भाषणात हाच धोका मुळापासून उघडा केला होता. जात ही नुसती श्रमांची विभागणी नाही, ती श्रम करणाऱ्यांचीच विभागणी आहे. ती माणसाची नैसर्गिक कुवत पाहत नाही, आईबापांचा दर्जा पाहून काम आधीच नेमून टाकते. आणि मन लागत नाही असे काम माथी मारल्यामुळे माणसे ते टाळू पाहतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. व्यक्तीची क्षमता इतकी वाढली पाहिजे की आपला व्यवसाय ती स्वतः निवडू शकेल, ही त्यांची कसोटी होती. कोलंबिया विद्यापीठात ते जॉन ड्यूई यांचे विद्यार्थी होते, आणि व्यवसायशिक्षणाने मुलाला ठरावीक साच्यात अडकवू नये हे ड्यूई १९१६ च्या आपल्या ग्रंथात आग्रहाने मांडत होते. बॉस्टनमधला पार्सन्स आणि लाहोरसाठी लिहिणारे आंबेडकर यांची कसोटी इथे एक होते: माणूस निवडायला समर्थ झाला का?

आता पुराव्याकडे वळू, कारण चाचण्यांच्या बाजूने बोलणारा म्हणेल की हेतू काहीही असो, अचूक मोजमाप झाले की समाधान आपोआप मिळेल. इतिहास याला दुजोरा देत नाही. एडवर्ड थॉर्नडाइक हे मोजमापाचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांनी न्यूयॉर्कमधल्या दोन हजारांहून अधिक मुलांच्या चौदाव्या वर्षाच्या आसपास चाचण्या घेतल्या, त्यांचा विशीपर्यंत माग ठेवला आणि १९३४ मध्ये निष्कर्ष मांडले. कामातले यश आणि समाधान यांचे भाकीत त्या गुणांवरून फारसे करता येत नाही, हे त्यांना मान्य करावे लागले. त्यांचे चिरंजीव रॉबर्ट थॉर्नडाइक आणि एलिझाबेथ हेगन यांनी १९४३ मध्ये वैमानिक भरतीसाठी चाचण्या दिलेल्या दहा हजारांवर तरुणांना बारा वर्षांनी गाठले. १९५९ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकाचे नावच ‘टेन थाउजंड करिअर्स’ असे आहे. कोण कोणत्या धंद्यात गेला याचा चाचण्यांशी काही संबंध दिसला. पण एका धंद्यातल्या माणसांपैकी कोण पुढे जाईल हे त्यांवरून सांगता आले नाही. आवड आणि काम यांचा मेळ बसला की समाधान वाढते का, यावर पुढे पुष्कळ अभ्यास झाले. ते सगळे एकत्र करून पाहणाऱ्या आढाव्यांत हा सहसंबंध साधारण ०.२ च्या आसपास येतो. याचा अर्थ संबंध आहे, पण माणसामाणसांच्या समाधानातला फार थोडा फरक त्याने उलगडतो. बाकीचा पगारात, वरिष्ठांत, सहकाऱ्यांत, कामातल्या मोकळिकीत आणि घरच्या परिस्थितीत दडलेला असतो.

मग चाचण्या टाकूनच का देऊ नयेत, असा उलट आक्षेप येतो. कवट्या चाचपडून धंदा सांगणारे न्यूयॉर्कचे फाउलर बंधू किंवा केसांच्या व कातडीच्या रंगावरून नोकर निवडायला सांगणाऱ्या कॅथरिन ब्लॅकफर्ड आणि हे मानसशास्त्रज्ञ यांत फरक काय? फरक असा की मानसशास्त्रज्ञांनी आपले दावे तपासले आणि काही बाबतींत ते टिकले. लंडनमध्ये सिरिल बर्ट आणि सहकाऱ्यांनी १९२६ मध्ये शाळा सोडणाऱ्या शंभर मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चाचण्यांबरोबर त्यांनी घरोघर जाऊन माहिती घेतली होती. बर्मिंगहॅमच्या शिक्षण समितीने त्यापुढे जाऊन दोन गट केले: एकाला नेहमीच्या पद्धतीने सल्ला, दुसऱ्याला चाचण्यांच्या आधारे. १९३२ मध्ये आलेल्या त्या अहवालात, चाचण्यांवर आधारलेला सल्ला ज्यांनी पाळला ती मुले कामावर जास्त टिकली आणि जास्त समाधानी होती. ज्यांना सल्ल्याप्रमाणे काम मिळू शकले त्यांची परिस्थितीच मुळात बरी असेल, अशी शंका घ्यायला जागा आहे. पण साध्या सल्ल्याच्या गटात तसाच फरक दिसला नाही, ही बाब त्या शंकेला बरेचसे उत्तर देते. ही मुले चौदाव्या वर्षी शाळा सोडून कामाला लागणारी होती. वकिलाच्या घरातल्या मुलाला वकिली म्हणजे काय हे जेवणाच्या ताटावर कळते. मजुराच्या मुलाला आपल्या वस्तीबाहेरच्या कामांची नावेही ऐकायला मिळत नाहीत, त्याला चाचणी आणि तिच्या जोडीची चौकशी पाच नवी दारे दाखवू शकते. चाचण्यांवर टीका करणाऱ्या सुखवस्तू माणसाने हे ध्यानात घ्यायला हवे.

यापेक्षा जड आक्षेप तिसरा आहे: समाधान कामाच्या निवडीत शोधण्यापेक्षा कामच सुधारा. रॉबर्ट हॉपॉक यांनी पेन्सिल्व्हेनियातल्या न्यू होप या छोट्या गावातल्या नोकरदारांना कामाविषयी विचारले आणि १९३५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. अकुशल मजूर सर्वांत कमी समाधानी आणि डॉक्टर-वकील वगैरे व्यावसायिक सर्वांत जास्त, अशी चढती पायरी त्यांना दिसली. कितीही नेमकी चाचणी घेतली तरी कोणाला तरी खालच्या पायरीवरच ढकलले जाणार असेल, तर चाचणी फक्त कोणाला ते ठरवते. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. गटारात उतरून सफाई करण्याची ‘आवड’ शोधणारी प्रश्नावली कोणी बनवू नये. ते काम माणसाकडून करवून घेणेच बंद झाले पाहिजे. पण या आक्षेपामुळे पार्सन्स बाद ठरत नाही. नगरपालिकांच्या मालकीसाठी झगडणारा तो सुधारक दोन्ही कामे एकत्र करत होता. आपल्या कामाची दुसऱ्या कामाशी तुलना करायला शिकलेला माणूसच हे काम असे का असावे असे विचारतो. पुढच्या काळात मार्गदर्शनाचा व्यवसाय वाढला आणि हा सामाजिक धागा गळून पडला, याचे मला वाईट वाटते.

दुसऱ्या महायुद्धानंतर चाचण्या सुटसुटीत झाल्या आणि घराघरांत पोहोचल्या. सैन्यभरतीच्या मुलाखती घेताना जॉन हॉलंड यांना जाणवले होते की माणसांच्या कामाचे इतिहास मोजक्या प्रकारांत बसतात. १९५९ मध्ये त्यांनी सहा प्रकारांचा सिद्धान्त मांडला आणि १९७१ मध्ये ‘सेल्फ-डायरेक्टेड सर्च’ ही स्वतः भरून स्वतःच तपासायची चाचणी आणली. निकाल थेट देणाऱ्याच्या हाती पडतो, या एका गोष्टीसाठी मी तिला मोठे पाऊल मानतो. कॅथरिन ब्रिग्ज आणि इसाबेल मायर्स या मायलेकींनी मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या कल्पनांवरून रचलेली सोळा प्रकारांची चाचणी मात्र कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांत जास्त पसरली. दोघींपैकी कोणाचेही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण झालेले नव्हते, आणि तीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो. धंदा निवडायला तिचा आधार घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

भारतात हे शास्त्र लवकर आले. कलकत्ता विद्यापीठात १९१६ च्या सुमारास मानसशास्त्राचे अध्यापन सुरू करणारे नरेंद्रनाथ सेनगुप्ता हार्वर्डमध्ये म्युन्स्टरबर्ग यांच्याच हाताखाली शिकले होते. कलकत्त्यात १९३८ मध्ये उपयोजित मानसशास्त्राचा विभाग निघाला आणि व्यवसाय मार्गदर्शन हा त्याचा एक विषय होता. धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे मराठी आणि कानडी रूप मुलांवर तपासून तयार केले; परदेशी मापे जशीच्या तशी लावता येत नाहीत, हे त्या कामाने इथल्या अभ्यासकांना शिकवले. मुंबईत १९४१ मध्ये बाटलीबॉय व्होकेशनल गायडन्स ब्युरो आणि १९४७ मध्ये पारसी पंचायतीचा ब्युरो सुरू झाला. मुंबई सरकारने स्वतःचा ब्युरो १९५० मध्ये उघडला. पारसी पंचायतीचे उदाहरण मला विशेष मोलाचे वाटते, कारण जुन्या दानधर्माच्या पैशाची एक वाट तिथे तरुणांना त्यांच्या पायावर उभे करण्याकडे वळवलेली दिसते. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय माध्यमिक शाळांची शिफारस केली: एकाच शाळेत शेती, तंत्र, वाणिज्य, ललित कला, गृहविज्ञान असे फाटे. फाटे आले म्हणजे मुलाला त्यांतून निवडायला मदत हवी, म्हणून १९५४ मध्ये केंद्रीय मार्गदर्शन ब्युरो निघाला. बहुउद्देशीय शाळा पुढे मावळल्या आणि मार्गदर्शनाचा सरकारी आधारच निसटला. याच काळात लष्करी अधिकारी निवडणारी मंडळे मात्र दिमाखात वाढली. १९४३ मध्ये डेहराडूनला सुरू झालेली ती पद्धत आजही चालू आहे. निवडीला पैसा आणि माणसे मिळत राहिली, मार्गदर्शनाला तुटपुंजी.

महाराष्ट्रातली दहावीची कल चाचणी याच इतिहासात बसवून पाहायला हवी. राज्य मंडळाने श्यामची आई फाउंडेशनच्या साहाय्याने २०१६ मध्ये ती सुरू केली. शहरातल्या खासगी समुपदेशकाची फी न परवडणाऱ्या गडचिरोलीच्या किंवा माणदेशाच्या मुलालाही आपल्या भाषेत चाचणी मिळावी, ललित कलांपासून गणवेशधारी सेवांपर्यंतची क्षेत्रे त्याच्यासमोर यावीत, हा हेतू उत्तम होता. विज्ञान शाखा हुशारांची आणि कला शाखा उरलेल्यांची, या आपल्याकडच्या घट्ट समजुतीला सरकारी कागदावरून दिलेला तो पहिला मोठा धक्का होता असे म्हणता येईल. पण मुलाच्या हाती कल आला तरी अकरावीचा प्रवेश टक्क्यांवरच ठरे, आणि त्या कागदावर बोलायला बहुतेक शाळांत प्रशिक्षित माणूस नसे. पार्सन्सच्या तीन भागांतला पहिला भाग लाखो मुलांपर्यंत पोहोचला आणि उरलेले दोन गाठीला नव्हते. ‘तुझा कल वाणिज्याकडे आहे’ हे वाक्य संभाषणाशिवाय दिले की त्याचा निवाडा होतो. मूल तो स्वीकारते किंवा झिडकारते, त्याच्याशी बोलू शकत नाही. एवढ्या मुलांशी प्रत्येकी तासभर बोलायला माणसे कुठून आणायची, हा प्रश्न खराच आहे. पण खर्च परवडत नाही म्हणून पहिलाच भाग पुरेसा आहे असे मानणे चूक होईल.

नक्की काय उपयोगी पडते याचा शोधही लागलेला आहे. स्टीव्हन ब्राउन आणि नॅन्सी रायन क्रेन यांनी २००० मध्ये व्यवसाय मार्गदर्शनाच्या अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. ज्या मार्गदर्शनाने फरक पडला त्यात पाच गोष्टी वारंवार आढळल्या: आपली उद्दिष्टे स्वतः लिहून काढणे, चाचणीच्या निकालावर प्रत्येकाशी स्वतंत्र बोलणे, कामांच्या जगाची माहिती घेणे, ती कामे करणारी माणसे प्रत्यक्ष पाहणे, आणि घरच्यांचा व मित्रांचा पाठिंबा उभा करणे. १९०८ मध्ये नॉर्थ एंडच्या वस्तीत आलेल्यांना लिहून आणायला, चरित्रे वाचायला आणि कामाच्या जागा पाहून यायला सांगणाऱ्या माणसाची पद्धत जवळपास शंभर वर्षांनी आकड्यांत उतरली ती अशी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून त्यांना सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांबरोबर काम करायला मिळावे, अशी तरतूद आहे. कल चाचणीत जे नव्हते ते यात आहे. मात्र कुंभाराच्या मुलीला त्या दहा दिवसांत पुन्हा चाकच दाखवायचे की दवाखाना, कार्यशाळा, तहसील कचेरी आणि छापखाना दाखवायचा, हे शाळेने आधीच ठरवायला हवे. आणि तिथून परतल्यावर काय आवडले, काय नाही आणि का, हे मुलीने स्वतःच्या वहीत लिहून एखाद्या शिक्षिकेशी निवांत बोलावे, एवढी एक तासिका वेळापत्रकात असायला हवी.